आतली कल्हई

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी परगावच्या माणसांना सांगू लागले की, आपण अतिशयोक्ती करीत आहोत असे त्यांना वाटते. २०१३ च्या मे महिन्यात येथील पारा ४७ अंशांच्याही वर चढला होता, असे सांगितले म्हणजे ते गप्प होतात. अशा दिवसांत भरदुपारी हिंगणा मार्गावरून जाताना कडुनिंबाच्या सावलीत एखाददुसरी मोटार हमखास उभी दिसते. समोरचे झाकण उघडलेले असते, आतून वाफ निघत असते आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन हताशपणे पाहत उभा असतो. माणसाला घाम येतो म्हणून तो या उन्हात तगतो. यंत्राला घाम नाही. त्याच्या अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी माणसाने त्याला तांब्या-पितळेचा एक वेगळाच अवयव दिला आहे. त्या अवयवाविषयी, म्हणजे रेडिएटर आणि त्याच्या सोबत्यांविषयी, हा लेख आहे. धर्मगुरूने असल्या विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर ओघात मिळेल, अशी आशा आहे.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरच्या मोठ्या कारखान्यापासून चार माणसांच्या पत्र्याच्या शेडपर्यंत सर्व प्रकारचे उद्योग आहेत. मोठ्या उद्योगांच्या आधाराने लहान कारागीर जगतात. रस्त्याच्या कडेला रेडिएटर दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने आहेत ती अशीच. दुकान म्हणजे तरी काय? पाण्याने भरलेला एक हौद, गॅसची एक बत्ती, कथील-शिशाच्या कांड्या, नवसागराचा डबा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या, मधमाशांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या जुन्या जाळ्या. आमच्या धर्मग्रामातील एक बापलेक असे एक दुकान चालवतात. वडील पासष्टीच्या घरात आहेत, मुलगा तिशीचा. वडिलांनी लहानपणी आपल्या वडिलांच्या हाताखाली कल्हईचे काम शिकले होते.

माझ्या पिढीच्या वाचकांना कल्हईवाला आठवत असेल. अंगणात भाता मांडून तो बसायचा. निखाऱ्यावर भांडे लालसर तापले की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, कथलाची कांडी टेकवताच ती वितळायची आणि कापसाच्या बोळ्याने तो ते कथील भांड्याच्या आतून फिरवायचा. क्षणात काळवंडलेले भांडे चांदीसारखे उजळायचे. नागपूरहून साठ-एक किलोमीटरवर असलेले भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे, त्यामुळे आमच्या भागात या कारागिरांना काम कमी नसे. कल्हई भांड्याच्या आतून करतात, बाहेरून नव्हे, आणि तिचे कारण शोभा हे नसते. ताक, आमटी, चिंच असे आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागले की कळकतात आणि पोटात विष जाते. आपल्या आयांना हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. पुढे घरोघर स्टीलची भांडी आली आणि भाता थंडावला. आमच्या या कारागिराने मग तेच कथील, तोच नवसागर आणि तीच नजर घेऊन रेडिएटरच्या कामात प्रवेश केला. तांबे, पितळ आणि डाख यांची सोयरीक दोन्हीकडे सारखीच होती.

त्यांच्या दुकानाशी माझा संबंध आला तो एका जुन्या मोटारीमुळे. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या मागे १९७२ सालची एक फियाट अकराशे डिलाइट राहिली. मुले परगावी स्थायिक झालेली. मोटार विकून येतील ते पैसे आमच्या एका उपकेंद्रातील प्रार्थनामंदिराच्या छपरासाठी वापरावेत, अशी त्यांनी इच्छा व्यक्त केली आणि कागदपत्रांसह मोटार धर्मग्रामाच्या स्वाधीन केली. त्या मंदिराचे छप्पर कवेलूंचे आहे. माकडे कवेलू फोडतात आणि पावसाळ्यात वेदीवर छत्री धरण्याची पाळी येते. देणगी वेळेवर आली होती.

या मोटारीचा इतिहास आपल्या महाराष्ट्राचाच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होऊ लागल्या. पन्नासच्या दशकातील गोलमटोल मोटारीला लोकांनी प्रेमाने ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ साली डिलाइट आली आणि १९७४ साली तिचेच नामकरण प्रीमियर पद्मिनी असे झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून दोन पिढ्यांनी जिच्यात प्रवास केला ती हीच. मुंबईत नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ते पर्व मिटले. चार सिलिंडर, १,०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेला गिअर. आजच्या मुलांना गंमत वाटेल असे हे यंत्र आहे.

जुन्या मोटारींना अलीकडे भाव येण्याचे एक कारण सरकारी नियमांत आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसेल तर अशा वाहनास वारशाचे वाहन म्हणून नोंदवता येते. रोजच्या वापरासाठी ते रस्त्यावर आणता येत नाही, पण संग्राहकांना त्याची आवश्यकताही नसते. अशाच वाहनांचा व्यापार करणारे एक गृहस्थ मोटार पाहण्यास आले. बाह्यांग त्यांना पसंत पडले. पुढचे झाकण उघडल्यावर मात्र त्यांनी नाक मुरडले. रेडिएटर गंजून तपकिरी झाला होता, पाण्याच्या पंपावर चिकटा बसला होता, इंजिनाच्या डोक्यावरील थर्मोस्टॅटचे अॅल्युमिनियमचे घर पांढऱ्या बुरशीने भरल्यासारखे दिसत होते. “हे सगळे जरा चकचकीत करून द्या, फादर. काळा रंग, चंदेरी रंग, दोन दिवसांचे काम. गिऱ्हाईक झाकण उघडते तेव्हा डोळ्यांत भरले पाहिजे,” असे म्हणून त्यांनी बऱ्यापैकी रक्कम कबूल केली.

मोटार बापलेकांच्या दुकानात गेली. चार दिवसांनी निरोप आला म्हणून मी तेथे गेलो. वडिलांनी सुटे केलेले भाग एका पोत्यावर मांडून ठेवले होते. “फादर, वरून तं एका दिवसात नवरीसारखं सजवून देतो जी,” ते म्हणाले, “पण हे आतून सडून राहिलं.” मुलाने रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची नळी धरली. खालच्या तोंडातून जेवढे पाणी धो धो पडायला हवे होते त्याच्या निम्मेही पडेना. मग त्याने थर्मोस्टॅटचे घर उचलले. बाहेरून ते धडधाकट दिसत होते. आतल्या बाजूने त्याने पेचकसाचे टोक जरा दाबले आणि ते टोक बाहेर निघाले.

असे का होते, हे त्या तरुणाने मला इतके सोपे करून सांगितले की, नंतर धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना मी तेच उदाहरण दिले. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. पंप हे पाणी सिलिंडरांभोवती फिरवतो. तापलेले पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, पितळेच्या चपट्या नळ्यांतून खाली उतरते, नळ्यांना जोडलेल्या तांब्याच्या पातळ पापुद्र्यांवरून वारा वाहतो आणि गार झालेले पाणी पुन्हा इंजिनात जाते. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट वाट बंद ठेवतो, ते योग्य तितके तापले की उघडतो. वरचे झाकण आत दाब टिकवते, आणि दाबाखाली पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच सारे पाणी एकदम उकळून तोंडावर येते.

या फेऱ्यात बिडाचे इंजिन, अॅल्युमिनियमचे डोके, तांबे, पितळ आणि डाख हे सारे एकाच पाण्यात उभे असतात. भिन्न धातू एका पाण्यात ठेवले की त्यांच्यामध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांतला दुबळा धातू झिजू लागतो. येथे तो दुबळा म्हणजे अॅल्युमिनियम. त्यात आमच्या भागातील बोअरचे पाणी जड. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच या नळ्यांत बसतो. पन्नास वर्षे ज्याला जे पाणी मिळाले ते त्याने ओतले. उपाय साधा होता: ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक द्रव्य मिसळलेले कूलंट, ठरावीक काळाने बदललेले. तो कोणी केला नाही, कारण मोटार चालत होती आणि गंज दिसत नव्हता.

वडिलांनी दोन मार्ग सांगितले. पहिला व्यापाऱ्याचा: बाहेरून तेजाबाने पुसायचे, रंग मारायचा, घराच्या भोकाला लांबी भरायची आणि पाणी गळू नये म्हणून आत एक भुकटी टाकायची. चार-सहा महिने निभावते. दुसरा मार्ग पुरे उघडून आतून दुरुस्त करण्याचा. त्याचा खर्च पहिल्याच्या कितीतरी पट होता आणि तो छपराच्या पैशांतून जाणार होता.

प्रश्न पाळकीय मंडळापुढे आला. सभा बराच वेळ चालली. एका सभासदाचे म्हणणे असे की, व्यापारी या धंद्यात मुरलेला आहे, त्याने पाहून घ्यावे. आपण काय त्याला शपथेवर सांगितले आहे? दुसऱ्याने विचारले की, मोटार तर प्रदर्शनातच उभी राहणार, मग आतल्या नळ्या साफ करून कोणाचे भले होणार? तिसऱ्या एक भगिनी होत्या, त्या म्हणाल्या, “माझ्या सासूबाई त्या मंदिरात दर पावसाळ्यात भिजतात. आपण तत्त्व सांभाळायचे आणि म्हाताऱ्यांनी भिजायचे का?” हा प्रश्न सर्वांत अवघड होता आणि तो आजही सुटलेला नाही.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अॅक्वायनस यांचे क्रयविक्रयावरील विवेचन अभ्यासले होते. विकणाऱ्याने दोष सांगावाच काय, हा प्रश्न तेराव्या शतकातील या महान पंडिताने फार व्यवहारी बुद्धीने हाताळला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष दिसतोच; किंमत तेवढी कमी केली म्हणजे विकणारा त्याविषयी गप्प राहिला तरी चालते. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याच्या जिवाला धोका होणार असेल, तर तो सांगणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. लंगडा घोडा चपळ म्हणून, पडाऊ घर भक्कम म्हणून विकणे ही त्यांचीच उदाहरणे. घोड्याच्या जागी मोटार ठेवली की उत्तर तयार होते. मी एवढेच सांगितले की, न सांगता रंग मारून विकणे आपल्याला शक्य नाही. सांगून जशी आहे तशी विकावी की दुरुस्त करून विकावी, हे मंडळाने ठरवावे. मंडळाने थोड्या मताधिक्याने दुरुस्तीचा निर्णय घेतला. मोटार कोणी तरी कधी तरी सुरू करणारच, आणि तेव्हा तो भाजू नये, हा विचार अखेर प्रबळ ठरला.

उपवासकाळात ते काम चालले. संध्याकाळची क्रूसाची वाट आटोपली की मी अर्धा-पाऊण तास दुकानात जाऊन बसत असे. धातूला उजाळा देण्याचे काम किती संयमाचे असते, हे तेथे पाहिले. डाख वितळवून रेडिएटरच्या दोन्ही टाक्या अलग करण्यात आल्या. प्रत्येक नळीतून पोलादाची चपटी पट्टी घालून क्षार खरवडून काढला. या नळ्या इतक्या पातळ असतात की, हात जरा जड पडला तर नळी फाटते. टाक्या कॉस्टिकच्या गरम पाण्यात बुडवून साफ केल्या. तरुणाने अॅल्युमिनियमचे भाग मात्र कटाक्षाने बाजूला ठेवले. लोखंडाची घाण काढणारे कॉस्टिक अॅल्युमिनियमलाच खाऊन टाकते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, ही गोष्ट आत्म्यांच्या सेवेत असलेल्या माणसानेही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थर्मोस्टॅटचे घर भरून काढण्याच्या पलीकडे गेले होते. जुन्या बाजारातून दुसरे शोधून आणले. काचेच्या बारीक मण्यांच्या फवाऱ्याने ते स्वच्छ केले, मग सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याचा बसण्याचा पृष्ठभाग घासून समतल केला. ते आपल्या मूळच्या करड्या रंगातच राहू दिले. वाकलेले तांब्याचे पापुद्रे बोथट सुरीने एकेक करून सरळ केले. त्या एका कामाला तीन संध्याकाळी लागल्या.

रंगाविषयी माझ्या मनात मोठा गैरसमज असणे शक्य होते, कारण व्यापाऱ्याचे सारे बोलणे रंगाभोवती होते. येथे कळले की, रेडिएटरला रंग जितका पातळ तितका चांगला. जाड थर हा घोंगडीसारखा. तो उष्णता आत कोंडतो. म्हणून काळ्या, निस्तेज रंगाचा एकच हलका हात फिरवतात, तोही हवेतील ओलाव्यापासून धातूचे रक्षण व्हावे एवढ्यासाठी. हल्ली भट्टीत भाजून पक्का करण्याचा भुकटीचा रंग लोकप्रिय आहे, परंतु त्याला १८० ते २०० अंश उष्णता लागते आणि कथील-शिशाची डाख १८३ अंशांनाच मऊ होऊ लागते. चकाकी मिळवण्याच्या नादात सांधेच सुटायचे. आणि आतल्या बाजूला तर रंग लावतच नाहीत. लावला तर त्याचे पापुद्रे सुटून नळ्या तुंबतील. आतला धातू उघडाच राहतो. त्याचे रक्षण त्याच्यातून काय वाहते यावरच अवलंबून असते.

ते ऐकताना प्रभू येशूने शास्त्री-परुश्यांना प्याल्याच्या आतल्या बाजूविषयी जे बजावले होते ते आठवले नसते तरच नवल. उपवासकाळात आपण त्या उताऱ्यावर पुष्कळ प्रवचने ऐकतो. माणसाचा पेला घासणे कठीण का असते, हे मात्र मला त्या हौदापाशी अधिक स्पष्ट झाले. जोडणी झाल्यावर रेडिएटरची तोंडे बंद करून त्यात हलक्या दाबाची हवा भरली आणि तो हौदात बुडवला. जेथे फट तेथून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. बाहेरून नुसते पाहून ती फट कोणालाही दिसली नसती. हवेचा दाब आणि पाणी या दोन्हींची गरज होती. वडिलांनी खडूने खूण केली, रेडिएटर काढला, डाख दिली, पुन्हा बुडवला. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी पाणी निश्चल राहिले. बुडबुडा दिसला म्हणून ते एकदाही वैतागले नाहीत. “दिसला तं बरं हाय जी,” एवढेच म्हणत. प्रायश्चित्त संस्काराला येणाऱ्या भाविकांनी आणि तेथे बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंनीही ते वाक्य जवळ ठेवावे, असे मला वाटते.

येथवरचे सारे प्रवचनाला सोयीचे आहे. पुढचे नाही.

डाख देताना वडिलांचे हात कापत होते. वयाचा कंप असेल, असे मी समजत होतो. पण पोटात कळा येणे, सांधे दुखणे, अंगात रक्त कमी असणे या तक्रारीही त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येत. धर्मग्रामातील एका डॉक्टर भगिनीने हे ऐकून तत्काळ विचारले, “त्यांच्या रक्तातले शिसे कधी तपासले आहे का?” रेडिएटरची दुरुस्ती हा शिशाच्या विषबाधेचा जगभर परिचित असलेला व्यवसाय आहे. जुनी डाख वितळवताना धूर निघतो, ती कोरडी खरवडताना धूळ उडते. पेट्रोलमधील शिसे आपल्या देशात २००० साली बंद झाले, पण डाखेतले शिसे कारागिराच्या समोरच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही. लहान मुलांच्या पोटात गेलेले शिसे तर मोठ्यांच्या चार ते पाच पट प्रमाणात शरीरात शोषले जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. हे शिसे मुलांपर्यंत पोहोचते ते वडिलांच्या कपड्यांवरून. संध्याकाळी दुकान बंद करताना त्या तरुणाची तीन वर्षांची मुलगी धावत येऊन त्याच्या मांडीला मिठी मारते, हे मी कितीदा तरी पाहिले होते.

तपासण्या झाल्या. वडिलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण बरेच जास्त निघाले. डॉक्टरांनी त्यांना त्या कामातून पूर्ण मुक्त होण्यास सांगितले. मुलाचे त्याहून कमी होते. नातीच्या रक्तातही थोडे आढळलेच. भांड्यात विष उतरू नये म्हणून ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या कल्हई केली, त्या घराच्या लेकराच्या अंगात ते उतरले होते.

मंडळाची पुन्हा सभा झाली. या वेळी ती लांबली नाही. आपले काम ज्या माणसाच्या हातून होते त्याचे शरीर हा त्या कामाच्या खर्चाचाच भाग आहे, हे सर्वांना पटले. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयी विश्वपत्रक काढले तेव्हापासून ख्रिस्तसभा हेच शिकवीत आली आहे. मजुरीच्या रकमेत धूर बाहेर ओढणारा पंखा, योग्य प्रकारचा मुखवटा आणि कामाचे वेगळे कपडे यांची भर घातली. कोरडे खरवडणे बंद करून ओल्या फडक्याने पुसण्याची पद्धत ठरली. घरी जाण्यापूर्वी दुकानातच हातपाय धुऊन कपडे बदलायचे, कामाचे कपडे वेगळे धुवायचे, दुकानात बसून खायचे नाही, हे नियम डॉक्टर भगिनीने भिंतीवर लिहूनच दिले. हिरव्या कूलंटचा डबाही उंच फळीवर गेला. ते चवीला गोड असते आणि लहान मुलांना व कुत्र्या-मांजरांना प्राणघातक ठरते. ज्यांच्या घरी मोटार आहे अशा प्रत्येक कुटुंबाने हे लक्षात ठेवावे. शेवटच्या दोन सांध्यांना मुलाने डाख दिली. वडील दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि तेथूनच बत्ती जवळ घे, दूर घे, असे सांगत राहिले.

धातूच्या कारागिरांचे आश्रयदाते संत एलिजियस हे सातव्या शतकातील फ्रान्समधील सुवर्णकार होते. पुढे ते नोयों येथील महागुरुस्वामी झाले. त्यांचे चरित्रकार सांगतात की, राजाने एका सिंहासनासाठी दिलेल्या सोन्यातून त्यांनी दोन सिंहासने घडवून दिली, कारण त्यांनी त्यातले कणभरही स्वतःकडे ठेवले नव्हते. बायबलमध्ये शलमोनाच्या मंदिरासाठी ओतीव गंगाळसागर घडवणाऱ्या सोरच्या हिरामाचे नावही आदराने नोंदलेले आहे. देवाच्या घरासाठी काम करणाऱ्या कारागिराचे नाव पवित्र शास्त्राने विसरू दिले नाही. त्याच्या फुप्फुसांची चौकशी करणे मात्र पुढच्या काळावर सोडले, आणि तो काळ आपला आहे.

व्यापारी गृहस्थ परत आले तेव्हा केलेल्या कामाची यादी मी त्यांच्यापुढे ठेवली. इंजिनाच्या डोक्याच्या आत किती झीज झाली असेल हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, असेही तीत लिहिले होते. “एवढे कोणी सांगते का, फादर?” असे म्हणून ते हसले आणि त्यांनी आपली बोली बरीच खाली आणली. मंडळाने ती नाकारली. दोन महिन्यांनी एका निवृत्त अभियंत्याने यादी वाचून, शंका विचारून, मोटार विकत घेतली. व्यापाऱ्याने पहिल्यांदा कबूल केलेल्या रकमेहून हा सौदा कमीच होता. खर्च वजा जाता अर्ध्या छपराचे पत्रे आले.

२०१३ साली वेरोनाचे धर्मगुरू रेन्झो झोक्का यांनी पोप फ्रान्सिस यांना आपली १९८४ सालची, तीन लाख किलोमीटर धावलेली रेनॉ फोर मोटार भेट दिली होती. दिवंगत पोपमहोदयांनी ती आनंदाने स्वीकारली. दोनच वर्षांनी, २०१५ च्या विश्वपत्रकात, वापरून फेकून देण्याच्या वृत्तीवर त्यांनी कठोर टीका केली. त्या टीकेत वस्तूंबरोबर माणसेही येतात. आजचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे असतात. ते फुटले की बदलायचे, दुरुस्त करायचे नाहीत. कल्हईनंतर आता डाखेचा धंदाही मिटण्याच्या मार्गावर आहे. शिसे जाणार हे चांगलेच आहे. हौदात बुडबुडा शोधणारी नजर त्याबरोबर जाऊ नये, एवढेच मागणे आहे. तो तरुण आता अॅल्युमिनियमचे जोडकाम शिकत आहे. त्याच्या मुलीची दुसरी तपासणी झाली; प्रमाण उतरले आहे. डॉक्टरांनी आणखी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

उपकेंद्रातील मंदिराचा वेदीकडचा भाग या पावसाळ्यात कोरडा राहील. मागच्या बाकांवर अजून कवेलूच आहेत आणि त्यांवर ताडपत्री अंथरली आहे. त्या भगिनीच्या सासूबाईंना आम्ही पुढच्या बाकावर बसण्याची विनंती केली. त्यांनी मानेनेच नकार दिला. चाळीस वर्षे त्या आपल्या जागी बसत आल्या आहेत. ख्रिस्तयाग संपल्यावर त्यांनी वर ताडपत्रीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “उरलेलं कवा होते, फादर?” प्रश्न रास्त आहे. ज्या वाचकांना त्याचे उत्तर देण्यात हातभार लावावासा वाटेल त्यांनी तो आपापल्या धर्मग्रामातील अशाच एखाद्या छपराला लावावा, आणि ते छप्पर चढवणाऱ्या हातांची एकदा चौकशी करावी.